धुळ्यात ट्रेडिंग कार्ड आणि छंदवस्तूंचे दुकान काढावे का?

प्रश्न विचारणारे तरुण मूळचे शिरपूरचे असून सध्या पुण्यात नोकरी करतात. त्यांच्याजवळ साठवलेले ६ लाख रुपये आहेत, लहानपणापासून जमवलेला पोकेमॉन आणि यू-गी-ओ या खेळांच्या (जमवायच्या, बदलायच्या आणि खेळायच्या) कार्डांचा संग्रह आहे, आणि धुळ्याच्या देवपूर भागात शिकवणी वर्गांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक गाळा त्यांना २ लाख रुपये अनामत आणि १४,००० रुपये मासिक भाडे या बोलीवर मिळतो आहे. नोकरी सोडून तेथे कार्डांचे आणि छंदवस्तूंचे दुकान काढावे का, काढल्यास कोणता माल किती भरावा, आणि मुळात खान्देशात ही कार्डे विकली जातील का, असे त्यांनी विचारले आहे. मी जळगावात गेली ११ वर्षे असे दुकान चालवतो, आणि त्याआधी वडिलांच्या स्टेशनरीच्या दुकानात एका फळीवर हाच माल ३ वर्षे ठेवून पाहिला होता. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. कार्डे विकली जातात. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर येथील मुले तीच कार्टुने पाहतात आणि तेच व्हिडिओ पाहतात, जे पुण्यामुंबईची मुले पाहतात. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे शंभर मुलांना कार्डे आवडत असली, तर दर आठवड्याला पैसे खर्चून खेळणारी त्यांतली चार-पाचच निघतात, आणि मोठ्या शहरात ज्या दुकानाला अशी तीनशे माणसे मिळतात, तेथे आपल्याला तीस मिळतात. त्या तिसांच्या खरेदीवर गाळ्याचे भाडे, वीजबिल आणि तुमचे घर चालेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की केवळ कार्डांवर चालणार नाही. कार्डांमुळे गिऱ्हाईक दुकानात येते आणि पुन्हा पुन्हा येते. भाडे मात्र दुसऱ्या मालातून निघते. ज्यांनी हे उलटे धरले, त्यांची दुकाने मी बंद होताना पाहिली आहेत, आणि पहिल्या दोन वर्षांत माझेही त्यांच्याच रांगेत नाव लागायची वेळ आली होती.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुम्ही धुळ्यात राहणार की शिरपूरहून महामार्गाने रोज ये-जा करणार, घरात दुसरे उत्पन्न आहे का, आई-वडिलांपैकी कोणी दुपारी दोन तास गल्ल्यावर बसू शकेल का, आणि धुळ्यात आजच्या घडीला एकत्र जमून खेळणारा गट आहे का, या चार गोष्टींची उत्तरे जशी असतील तसा पुढचा हिशेब दहा-वीस टक्के इकडेतिकडे होईल. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

समजा, भाडे १४,००० रुपये, वीज वर्षाच्या सरासरीने ४,००० रुपये, अर्धवेळ मुलाचा पगार ८,००० रुपये आणि इंटरनेट, चहापाणी, किरकोळ दुरुस्ती यांचे २,००० रुपये धरले, तर शटर उघडण्याचाच खर्च महिन्याला २८,००० रुपये होतो. कार्डांच्या बंद बॉक्सवर (आत कोणती कार्डे आहेत ते दिसत नाही अशा पाकिटांच्या सीलबंद खोक्यावर) मला हाती राहणारा नफा बहुधा विक्रीच्या १० ते १५ टक्के असतो, कारण ऑनलाइन भाव प्रत्येक मुलाच्या खिशात असतो आणि त्याच्या फार वर तुम्हाला जाता येत नाही. १२ टक्के धरले, तर नुसता खर्च भागवायला महिन्याला सुमारे २ लाख ३३ हजारांची, म्हणजे २६ दिवसांच्या महिन्यात रोज ९,००० रुपयांची विक्री हवी. तीच सरासरी ३० टक्क्यांवर नेता आली, तर रोज ३,६०० रुपयांच्या विक्रीत खर्च निघतो. देवपुरात पहिल्या वर्षी ९,००० रुपयांची कार्डे रोज विकली जाणार नाहीत. स्लीव्ह (एकेक कार्ड घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे पाकीट), बाइंडर (कार्डे लावायची वही), रुबिक क्यूब, बोर्ड गेम, धातूच्या छोट्या डायकास्ट गाड्या, चित्रकलेचे सामान आणि प्रकल्पांचे साहित्य मिळून ३,६०० रुपये मात्र होऊ शकतात.

दुसरा हिशेब माल किती वेळा फिरतो याचा आहे, आणि नवीन माणूस नेमका तोच करत नाही. दुकानात खरेदीभावाने अडीच लाखांचा माल आहे, सरासरी नफा विक्रीच्या २५ टक्के आहे आणि तो माल वर्षातून ४ वेळा फिरला असे समजा. १० लाखांचा माल सुमारे १३ लाख ३३ हजारांना विकला जातो आणि वर्षाला ३ लाख ३३ हजार सुटतात. म्हणजे महिन्याला पावणेअठ्ठावीस हजार, जे वरच्या खर्चातच संपतात आणि तुमच्या हाती काही येत नाही. तोच माल ६ वेळा फिरला, तर ५ लाख सुटतात आणि खर्च वजा जाता महिन्याला सुमारे साडेतेरा हजार तुमचे होतात. दुकान तेच, माल तेवढाच. फक्त एक खोके फळीवर तीन महिने राहिले की दोन, एवढाच काय तो फरक. त्यामुळे कोणतीही वस्तू मागवताना तिच्यावर किती सुटेल याच्या आधी ती कधी जाईल हे विचारायची सवय लावून घ्या.

येथे संग्राहकाचा स्वभाव आड येतो, आणि तुमच्या प्रश्नाचा सूर पाहता ही गोष्ट थोडी स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी मी एका पोकेमॉन सेटचे (एकत्र निघालेल्या नव्या कार्डांच्या मालिकेचे) १२ बॉक्स भाव वाढेल या खात्रीने बाजूला ठेवले. मला तो सेट आवडत होता, बाकी कारण काही नव्हते. कंपनीने त्या सेटची पुन्हा छपाई केली, भाव खरेदीच्याही खाली गेला, आणि ते बॉक्स अडीच वर्षे माझ्या कपाटात राहिले. त्या काळात त्या पैशांतून शाळा सुरू होण्याच्या मोसमाचा माल मला भरता आला नाही, हे नुकसान त्याहून मोठे होते. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या सुरुवातीस बेसबॉल कार्डे गुंतवणूक म्हणून साठवली गेली, कंपन्यांनी वाटेल तेवढी छापली आणि बहुतेकांचे मोल रद्दीइतके झाले. याउलट मे २०२१मध्ये तेथील टार्गेट या मोठ्या साखळीला दुकानांतील कार्डांची गर्दी आवरेना म्हणून पोकेमॉन आणि खेळाडूंच्या कार्डांची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. ही दोन टोके असलेल्या बाजारात खान्देशातल्या लहान दुकानदाराने सट्टा खेळू नये. तुमचा स्वतःचा संग्रह घरी ठेवा, त्याची यादी वेगळी ठेवा, आणि एकदा दुकानात आणलेले कार्ड विक्रीचे आहे, मग ते कितीही लाडके असो, असा नियम करा.

आता माल कोणता भरावा. ६ लाखांपैकी किमान दीड लाख रुपये हातात राखीव ठेवा. ते पाच महिन्यांचा खर्च आणि एखादी चूक पचवतात. अनामत, फर्निचर, वातानुकूलन यंत्र आणि परवाने यांवर २ लाखांपेक्षा जास्त जाता कामा नये. उरलेल्या अडीच लाखांपैकी कार्डांच्या बंद पाकिटांत आणि बॉक्समध्ये ७०,००० रुपयांहून अधिक घालू नका. पोकेमॉनचे मुख्य सेट साधारण दर तीन महिन्यांनी येतात. एक नवा, एक मागचा आणि नवशिक्यांसाठी तयार डेक (खेळायला लागणारा कार्डांचा जुडगा) एवढ्यावर दुकान भरल्यासारखे दिसते. यू-गी-ओ माझ्याकडे कमी चालते, पण तुमचा स्वतःचा त्यात हात असेल तर दुकानात शिकवणारा माणूस असणे हेच मोठे भांडवल आहे, म्हणून थोडे ठेवा. मॅजिक: द गॅदरिंग १९९३मध्ये आले आणि कार्डे विकत घेऊन, आपला डेक बांधून, समोरासमोर खेळण्याचा हा सगळा प्रकार त्यानेच सुरू केला, तरी आपल्याकडे त्याचे खेळाडू बहुधा अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले, संख्येने थोडे आणि वयाने मोठे असतात. त्यांच्यासाठी मागणीनुसार मागवा, साठा करू नका. क्रिकेटपटूंची कार्डे आयपीएलच्या दिवसांत आपोआप विकली जातात आणि जूनमध्ये कोणी ढुंकूनही पाहत नाही, म्हणून मे महिन्याच्या मध्यानंतर नवी खरेदी करू नका.

कार्डांच्या जोडसामानावर खरा नफा आहे आणि ते खराब होत नाही. मात्र येथे नवे दुकानदार एक ठरलेली चूक करतात. पोकेमॉन आणि मॅजिकचे कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचे असते आणि यू-गी-ओचे ५९ बाय ८६ मिलिमीटरचे. दोन्हींच्या स्लीव्ह वेगळ्या येतात. लहान स्लीव्हमध्ये मोठे कार्ड दाबून घालताना कोपरा दुमडला, तर मूल रडते आणि वडील पैसे परत मागतात. पीव्हीसीचे स्वस्त बाइंडर घेऊ नका, त्यातील प्लास्टिक काही वर्षांत चिकट होऊन कार्डाच्या पृष्ठभागावर डाग धरते, पॉलीप्रॉपिलीनचे घ्या.

बाकी छंदवस्तूंबाबत थोडक्यात सांगतो, कारण त्या गावागावाप्रमाणे बदलतात. वेगात सोडवायचे क्यूब वर्षभर चालतात, आणि आठवड्याला एकदा सोडवायला शिकवले तर दुप्पट चालतात. हॉट व्हील्ससारख्या १:६४ मापाच्या गाड्यांवर सुटते थोडे, पण त्या रोखीने आणि लवकर जातात. बॉक्स उघडल्यावर दुर्मीळ गाडी स्वतः काढून ठेवायची नाही, एवढे पथ्य पाळा, नाहीतर चार दिवसांत सगळ्या गावाला कळते. जळगावात बुद्धिबळ आणि कॅरम यांची जुनी आवड आहे, धुळ्यातही ती असावी; स्पर्धेचे पट आणि घड्याळे दोन-दोन ठेवली तर शाळा विचारत येतात. विज्ञान प्रदर्शनाच्या काळात मोटारी, एलईडी, सेन्सर आणि आर्डुइनोचे (प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट) बोर्ड विकले जातात, आणि देवपुरात महाविद्यालये असल्यामुळे हा विभाग तुमच्या दुकानाला माझ्यापेक्षा जास्त देऊ शकेल. संक्रांतीला पतंग ठेवायला हरकत नाही, परंतु नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्येच देशभर बंदी घातली आहे. मागणारे येतात, त्यांना परत पाठवा.

सुट्या कार्डांचा व्यवहार, ज्याला आपल्या धंद्यात ‘सिंगल’ म्हणतात, तो सर्वांत फायद्याचा आणि सर्वांत जोखमीचा आहे. गिऱ्हाइकाकडून कार्ड विकत घेताना मी अपेक्षित विक्रीभावाच्या ५० टक्के रोख किंवा ६५ टक्के दुकानातील मालाच्या रूपात देतो, आणि हा दर भिंतीवर लिहून लावला आहे. तोंडी दर दिला की घासाघीस होते आणि ज्याला कमी मिळाले तो दुखावतो. खेळात वापरली जाणारी बरीच कार्डे ठरावीक काळाने स्पर्धेतून बाद होतात आणि त्याआधी काही महिने त्यांचा भाव घसरू लागतो. ते वेळापत्रक माहीत नसताना महाग कार्ड घेऊ नका.

नकली माल हा आपल्या भागातला मोठा विषय आहे. सोनेरी चकचकीत कार्डांचे गठ्ठे स्टेशनरीच्या आणि खेळण्यांच्या दुकानांत सर्रास मिळतात, आणि खान्देशातल्या बहुतेक मुलांचे पहिले कार्ड नकलीच असते. अस्सल-नकली ओळखण्यासाठी मी सराफाचे दहापट मोठे दाखवणारे भिंग वापरतो. जळगावात सराफ बाजार असल्यामुळे ते मिळवणे कठीण गेले नाही. अस्सल कार्डाच्या छपाईत बारीक ठिपक्यांची एकसारखी नक्षी दिसते, नकलीत ती फिसकटलेली असते. नकली पोकेमॉन कार्डाच्या मागच्या बाजूचा निळा रंग फिका किंवा जांभळट असतो, पोकेमॉन या इंग्रजी नावातील ‘ई’ वरची तिरकी रेघ पुष्कळदा गायब असते, आणि कार्डामागे टॉर्च धरला तर नकली कार्डातून उजेड भसकन आरपार येतो, कारण अस्सल कार्डाच्या पोटात असणारा गडद थर त्यात नसतो. जुन्या सेटची सुटी पाकिटे अनोळखी माणसाकडून अजिबात घेऊ नका. चमकदार कार्ड असलेले पाकीट किंचित जड असते, आणि सोन्याच्या काट्यावर तोलून जड पाकिटे काढून घेणारे लोक आहेत. तुमच्याकडे उरलेली हलकी येतात.

नकली कार्ड घेऊन आलेल्या मुलाला मात्र कधीही हसू नका. सुरुवातीला मी चार लोकांसमोर एका मुलाला त्याचा सगळा संग्रह खोटा असल्याचे सांगितले. तो परत आला नाही आणि त्याचे मित्रही आले नाहीत. आता उघडलेल्या बॉक्समधून उरणारी साधी पण अस्सल कार्डे मी एका डब्यात प्रत्येकी ५ रुपयांना ठेवतो. नकली कार्ड आणणाऱ्या मुलाला त्यातली दोन भेट देतो आणि दोन्ही कार्डे शेजारी धरून फरक त्यालाच शोधायला सांगतो. नकली माल विकणे हा व्यापारचिन्ह आणि स्वामित्वहक्क या दोन्ही कायद्यांखाली गुन्हा आहे, ते तर आहेच. पण ज्या दुकानात दोन्ही मिळतात, तेथे महाग कार्डावर कोणीही विश्वास ठेवत नाही, हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

मुलांकडून खरेदी करण्याबद्दल वेगळे लिहितो, कारण यात मी पोळलो आहे. सातवीतल्या एका मुलाने एक कार्ड आणले, मी रीतसर दराने ९०० रुपये दिले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. ते कार्ड आतेभावाचे होते आणि मुलाने न विचारता आणले होते. मी कार्ड परत दिले, ९०० रुपयांपैकी साडेतीनशे मुलाने खर्च केलेले होते, ते सोडून दिले. कायद्यानेही १८ वर्षांखालील व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही. तेव्हापासून १८ वर्षांखालील कोणाकडूनही पालक समोर असल्याशिवाय किंवा निदान फोनवर बोलल्याशिवाय मी खरेदी करत नाही, आणि मुलांनी आपापसात केलेली ५०० रुपयांवरची अदलाबदल माझ्या वहीत दोघांच्या सहीने लिहिली जाते. हे थोडे कारकुनी वाटेल, पण अदलाबदलीवरून होणारी भांडणे अखेर दुकानदाराच्याच दारात येतात.

पालकांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागाची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळण्याची चाल आहे, आणि ‘पत्ते’ म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर पारावरचा जुगार येतो. मी पहिली पाटी ‘पत्त्यांचे खेळ’ अशी रंगवली होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदाराने बाजूला घेऊन विचारले की पोलिसांचे काय केले आहे. पाटी बदलली. एकदा नातवाबरोबर आलेल्या एका शेतकरी आजोबांनी काचेतल्या कार्डाची चिठ्ठी वाचून विचारले होते, “भाऊ, हाऊ कागदना तुकडा अठराशेना शे?” त्यांना दुर्मीळतेची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. मी दोन डेक काढले आणि नातवाला त्यांच्यासमोर खेळून दाखवायला सांगितले; मुलगा बेरीज-वजाबाकी तोंडी करतो आणि कार्डावरचे इंग्रजी वाचतो हे पाहून ते बसले, आणि जाताना अठराशेचे नाही, पण तीनशेचा डेक घेऊन गेले. दुकान रस्त्यावरून आत पूर्ण दिसेल असे ठेवा, टेबलांवर उजेड भरपूर ठेवा, आणि रविवारी संध्याकाळी पालकांना बसायला चार खुर्च्या ठेवा.

स्पर्धा घेताना पैशांची बक्षिसे ठेवू नका. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे, परंतु प्रवेशशुल्क गोळा करून तेच विजेत्याला रोख वाटले, तर तो वाद पोलीस ठाण्यात समजावत बसण्याची वेळ येऊ शकते. मी टेबलाचे ५० रुपये घेतो, त्यात प्रत्येकाला एक छोटी वस्तू मिळते, आणि विजेत्याला दुकानातील माल. ‘नशीब पाकीट’ किंवा सोडतीसारख्या योजना स्वतः बनवून विकू नका. त्यात सुटते चांगले, पण हरलेल्या मुलाच्या आईला तुमच्याकडे सांगण्यासारखे उत्तर नसते.

आता ज्या गोष्टीबद्दल पुण्यात राहून अंदाज येत नाही, ती म्हणजे ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. चमकदार कार्डात कागदावर चकचकीत थर चिकटवलेला असतो. कोरड्या हवेत कागद आकसतो, तो थर आकसत नाही, आणि कार्ड पाठीकडे वाकते. दमट हवेत कागद फुगतो आणि कार्ड उलट्या बाजूला वाकते. खान्देशातले प्रत्येक दुकान उन्हाळ्यात कूलर लावते, मीही लावला होता. दुपारी कूलरची ओलसर हवा आणि रात्री बंद दुकानातली भट्टी, असे आलटून पालटून महिनाभर झाल्यावर काचेच्या कपाटातली माझी जवळजवळ सगळी चमकदार कार्डे केळीच्या सालीसारखी वळली होती. तेव्हापासून महाग कार्डे स्लीव्ह आणि टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या पाकिटात), घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या लहान पुड्यांसह असतात, आणि कपाटात फक्त नमुने. शक्य असेल तर लहान वातानुकूलन यंत्र बसवा, खेळणारेही त्यामुळे दुपारी थांबतात. पश्चिमेकडे काच असलेला गाळा घेऊ नका. उन्हाने बॉक्सवरचा रंग एका मोसमात उडतो, आणि उडालेल्या रंगाचा बॉक्स संग्राहक घेत नाही. उन्हाळ्यात दुकान सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते १० ठेवा. मधल्या वेळात रस्त्यावर चिटपाखरू नसते.

मोसमाचे गणितही आपले वेगळे आहे. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजारात फिरतो, आणि त्या काळात महाग वस्तू जातात. फेब्रुवारी-मार्च परीक्षांमुळे मोकळे जातात, तेव्हा नवी खरेदी थांबवून उधारी वसूल करा. शक्यतो उधारी ठेवूच नका. उन्हाळी सुटीत विक्रीपेक्षा माणसे जोडली जातात. जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की डब्यांवरच्या चित्रांपासून बाइंडरपर्यंत सगळे लहानसहान जाते. पाऊस लांबला तर ऑगस्टची खरेदी निम्म्यावर आणा; धुळ्यातला नोकरदार पगारावर जगत असला, तरी बाजाराचा हात आखडला की त्याचाही आखडतो.

कागदपत्रांचे फार भय बाळगू नका, पण चार गोष्टी पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. एक-दोनच माणसे कामाला असतील, तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, मात्र राज्याबाहेर माल पाठवला की ती सवलत जाते. धुळ्याहून सेंधवा, बऱ्हाणपूर आणि सुरत इतकी जवळ आहेत की कुरिअरची पहिली मागणी तेथूनच येईल, म्हणून मी नोंदणी करून घेण्याच्या बाजूचा आहे. एक टक्क्याची कंपोझिशन योजना (उलाढालीवर सरसकट जीएसटी भरण्याची) सोपी दिसते, पण तिच्यात राज्याबाहेर विक्री करता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पा रद्द झाल्यावर खेळायचे पत्ते, बुद्धिबळ, कॅरम आणि तत्सम खेळ ५ टक्क्यांत आले. तुमच्या प्रत्येक वस्तूचे वर्गीकरण पुरवठादाराच्या बिलावरील एचएसएन क्रमांक दाखवून कर सल्लागाराकडून लेखी घ्या. गिऱ्हाइकाकडून घेतलेली जुनी कार्डे पुन्हा विकताना, खरेदीवरील वजावट घेतलेली नसेल तर, खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर भरता येतो. ही तरतूद सिंगलचा व्यवहार करणाऱ्याच्या फार कामाची आहे आणि त्यासाठी प्रत्येक खरेदीची पावती हवी. लहान मुलांच्या खेळण्यांवर २०२१पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि परदेशी मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी असली पाहिजे. कोणी दुबईहून बॅगेत आणलेले बॉक्स स्वस्तात देऊ करेल. बिल नसेल तर घेऊ नका.

येथवर लिहिलेल्यातून तुमच्या हिशेबासाठी तीनच आकडे उचला: कार्डांत ७०,०००, हाती राखीव दीड लाख, आणि माल वर्षातून किमान ६ वेळा फिरवणे. आता त्या गाळ्याकडे येतो.

शिकवणी वर्गांची इमारत ही जागा चांगली आहे, कारण मुले रोज तेथे येतात आणि दोन वर्गांमधला अर्धा तास त्यांना घालवायचा असतो. पहिला मजला मला चालतो. या धंद्यात येणारा शोधून येतो, आणि तळमजल्याच्या भाड्यात दोन खेळायची टेबले मावत नाहीत. परंतु २ लाख अनामत तुमच्या भांडवलाचा तिसरा हिस्सा खाते, आणि ते पैसे फळीवरच्या मालासारखे फिरत नाहीत. १ लाखावर आणा, भाडे हवे तर हजाराने वाढवून द्या, आणि करारात पहिल्या वर्षी तीन महिन्यांच्या सूचनेने सोडण्याची मुभा लिहून घ्या. शिकवणीचे सर काय म्हणतात तेही आधी विचारा. मुले तास बुडवून तुमच्याकडे बसू लागली, तर मालकावर पहिला दबाव त्यांचाच येईल. माझ्याकडे वर्गाच्या वेळेत गणवेशातल्या मुलाला खेळायला टेबल देत नाही, आणि ही अट मी स्वतः जाऊन सरांना सांगितली होती.

आणि नोकरी इतक्यात सोडू नका. पुण्याहून शनिवारी येता, तसे पुढचे तीन महिने या, एखाद्या ओळखीच्या स्टेशनरीवाल्याच्या दुकानात एक फळी आणि रविवारी दुपारनंतर दोन टेबले मागा, विक्रीवर १० टक्के त्याला द्या. ४०,००० रुपयांहून अधिक माल आणू नका. दर रविवारी वहीत दोनच गोष्टी लिहा: किती जण खेळायला बसले, आणि त्यांतले किती जण मागच्या रविवारीही आले होते. बाराव्या रविवारी दुसरा आकडा पंधराच्या वर असेल, तर गाळा घ्या. सहा-सातच्या आसपास घुटमळत असेल, तर फळी चालू ठेवा आणि पगारही. गाळामालक तोवर थांबणार नाही असे म्हणेल. देवपुरात पहिल्या मजल्यावरचे गाळे रिकामे पडलेले असतात, रविवारी आलात की एक चक्कर मारून मोजून पाहा.